व्हेर्नुआ

टपालवाली ओदिल गार्नो
आधी आकडे वाचते, मग नाव.
नावाचा भरवसा नाही, ती म्हणते.
व्हेर्नुआ तीन आहेत:
एक नदीकाठी, एक टेकाडावर,
आणि एक नुसतंच, सात घरं आणि एक घंटा.

मागच्या हिवाळ्यात टेकाडावरच्या फिर्मँची शवपेटी
चुकून नदीकाठच्या चर्चपुढे येऊन थांबली.
कोण गेलं हे विचारायच्या आधीच लोकांनी टोप्या काढल्या.
मग कुणीतरी म्हणालं, हा आपला नव्हे.
तोवर दोन बायका रडूनही झाल्या होत्या.

एकेकाळी हे नाव घोड्यावर बसून फिरायचं.
गोतिए द व्हेर्नुआ. त्याचा मुलगा. नातू, तोही गोतिएच.
'द' म्हणजे आपल्याकडचा 'कर'.
गावाला जोडला की माणूस तयार.
पण माणूस गावाचा की गाव माणसाचं,
हे इथे विचारायची सोय नव्हती.
आणि करच म्हणाल, तर तोही होता:
दळणावर, पुलावर, भट्टीतल्या पावावर,
लेकीच्या लग्नावर,
बाप मेला तर गोठ्यातल्या सगळ्यात चांगल्या जनावरावर.

आता गोतिए चर्चमध्ये उताणा पडलाय, दगडाचा.
पायाशी कुत्रा. नाक झिजलेलं.
छातीवर जोडलेले कर
क्रांतीच्या साली कुणी मनगटापासून उडवले.
पावसाच्या दिवशी ओदिल त्याच मोकळ्या छातीवर
पत्रं निवडते.
हे वरचं. हे खालचं. हे वीजबिल.

खरं तर नाव त्याचं नव्हतंच.
व्हेर्न म्हणजे एक झाड,
नदीत पाय सोडून बसणारं,
तोडलं की आतून लाल होणारं,
पाण्याखाली वर्षानुवर्षं न कुजणारं.
ज्यांनी त्याला ही हाक मारली
त्यांची भाषा केव्हाच गेली,
ओढ्यांच्या तोंडी थोडी उरलीय.
झाड दिसलं की ते म्हणत: व्हेर्न.
बस. तीन गावं, एक घराणं, एवढ्यावर.

आज एक पाकीट आलंय,
निळ्या शाईत नुसतं 'व्हेर्नुआ', आकडा नाही,
पाठवणाराही नाही.
ओदिल ते गाडीच्या काचेशी टेकवून ठेवते.
सात घरांच्या पुलाजवळ
गेल्या आठवड्यात मोरी रुंद करायला झाड पाडलंय.
बुंधा अजून ओला, गाजरासारखा लाल.
ती त्यावर रुमाल पसरते, बसते,
आणि चीज कापायला सुरी काढते.