अल्पवयीन

कुटबणच्या धक्क्यावर, बर्फ कारखान्याच्या भिंतीला
मी नोटीस चिकटवली तेव्हा खळ अजून ओली होती.
एक जून ते एकतीस जुलै, समुद्र बंद.
हे सगळ्यांना पाठ.
खालचा परिच्छेद नवा होता,
पणजीत कुणीतरी शब्दकोश उघडून मराठीत ओढून आणलेला.

"वाच गो बाये," पास्कू म्हणाला.
त्याला रोमी येते, देवनागरी नाही.
मी वाचलं:
अल्पवयीन मासळी पकडणे, बाळगणे, उतरवणे निषिद्ध.

धक्का हसला.
टोपल्या उचलणाऱ्या बाया खाली बसून हसल्या.
"बांगड्याचा जन्मदाखला कुठे मिळतो?
पंचायतीत, की इगर्जीत पाद्रीकडे?"
मीही हसले.
हसायला नको होतं, छातीवर खात्याचा बिल्ला होता.

मी तळपणच्या पाग्यांची.
वडील रापण ओढायचे.
जाळं वाळूवर आलं की बोटाएवढे पेडवे
पायाने, हो, पायानेच, लाटेत परत ढकलायचे.
"वाडूं दी," एवढंच म्हणायचे.
कायदा ऐंशी साली झाला म्हणतात. त्यांना कुणी कळवलं नाही.

आता माझ्या पर्समध्ये एक स्टीलची पाचर असते,
तिच्या अंगावर मिलिमीटरच्या रेघा.
जाळ्याच्या डोळ्यात ती घालायची, धागा ताणेपर्यंत,
आणि थांबेल तो आकडा लिहायचा.
चोवीस हवेत.
बाजारात याच पाचरीने मी एकदा लसणाची पाकळी मोजली होती,
उगाच, हाताला सवय म्हणून.

रात्री क्वार्टरच्या खिडकीतून दिसतं:
जिथे गाव नाही तिथे गाव वसलेलं असतं,
पांढऱ्याफेक दिव्यांचं, पाण्यावर.
त्या दिव्यांना बंदी आहे, आदेशाचा क्रमांक मी झोपेत सांगेन.
गस्तीच्या होडीचं इंजिन मार्चपासून दुरुस्तीला आहे.
वास्कोत.
विचारलं की सांगतात, पार्ट यायचाय.

तर त्या दिवशी तोलूच्या ट्रॉलरवर चढले.
तोलू मोबाइलवर बोलत होता, बोलतच राहिला.
"जाळं धर," मी खलाशाला म्हटलं,
त्याने जाळं दोन्ही हातांनी वर उचललं, डोक्याच्याही वर,
एखादी बाई उन्हात साडी झटकते तसं.
मी पाचर घातली.
एकोणीस.
पुन्हा घातली. एकोणीस.
डोळ्याच्या चौकोनातून पलीकडे बघितलं
तर ओठांवर लवसुद्धा नाही.

"नाव?"
"तुकुना."
"कुठला?"
"गंजाम."
"वय?"
"अठरा," म्हणाला, इतक्या पटकन
की ते त्याला पाठ करायला लावलेलं होतं हे मला कळलं,
आणि मला कळलं हे त्याला.
हात जाळ्याखाली थरथरत होते. जाळं जड होतं, ओलं होतं.
"सोड," म्हटलं. त्याने तोलूकडे पाहिलं, मग सोडलं.

तळाशी, बर्फात, बांगडे पडले होते,
करंगळीएवढे, पाठीवरच्या रेघाही नीट न उमटलेले.
तोलूचा फोन संपला होता.
"मॅडम, चहा?"

माझ्याकडे छापील फॉर्म असतो.
नौकेची नोंदणी. जाळ्याचा प्रकार. डोळ्याचं माप.
मासळीची जात, अंदाजे वजन, अंदाजे लांबी.
जाळं धरणाऱ्यासाठी रकाना नाही.
ते दुसरं खातं. त्यांचं ऑफिस मडगावात, तिसऱ्या मजल्यावर.
मी फोन केला. वाजत राहिला.

एकोणीस लिहिलं.
मग पेन उचललंच नाही,
समासात, जिथे लिहू नये असं प्रशिक्षणात सांगितलं होतं, तिथे लिहिलं:
तुकुना, गंजाम, वय सांगतो अठरा.
आणि सही.

वरिष्ठांनी फॉर्म परत पाठवलाय.
शेरा लाल शाईत: "समास कोरा ठेवावा."
उद्या पुन्हा कुटबण. बंदीला चार दिवस उरलेत.
नोटिशीचा एक कोपरा वाऱ्याने सुटलाय,
पास्कूने त्यावर च्युइंगगम लावून ठेवलाय.