पंख्याचा आवाज

कॅनडा कॉर्नरच्या दुकानात भामरेने दोन्ही लॅपटॉप
शेजारी शेजारी उघडून ठेवले,
एकाच दिवशी दोन स्थळं बोलवावीत तसे.

डावा राखाडी, सडसडीत. रंग अगदी खरे दाखवतो म्हणे.
उजवा काळा, जाडजूड,
कीबोर्डखाली दिवे पळतात, गणपतीच्या मांडवासारखे.
ग्राफिक्स कार्ड दीडपट ताकदीचं,
वजन अडीच किलो, आणि चार्जर म्हणजे वेगळी वीट.
किमतीत जेमतेम चार हजारांचा फरक.
दोन्हीही मला न परवडणारे.

मी पिशवीतून मोगलांचं लेबल काढलं.
निफाडचे मोगल, द्राक्षं बाहेर पाठवतात.
मागच्या जानेवारीत माझ्या स्क्रीनवर जो हिरवा
कोवळा पोपटी होता
तो खोक्यावर शेवाळ झाला.
चार हजार खोकी.
मोगल ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले,
"ताई, ही द्राक्षं आजारी दिसतात."
फेरछपाई माझ्या खिशातून.

म्हणजे डावाच. यात विचार करण्यासारखं होतं काय?

पण उजव्यावर भामरेने खेळ लावून ठेवला होता,
माझाच खेळ, तोच डोंगर, तोच घोडा.
घरी हा घोडा नदीपाशी आला की अडखळतो,
तुकड्या-तुकड्याने पाण्यात उतरतो.
इथे तो सरळ आत शिरला
आणि त्याच्या पोटाचे केस ओले झालेले मला दिसले.

चौतीस वर्षांच्या बाईने यावर काय बोलावं?
मी वॉरंटीचं विचारलं.

अप्पा एवढा वेळ स्टुलावर बसून.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
छापलेल्या कागदातली खोट शोधली त्यांनी.
अजून सुटे घेताना नोट उजेडाकडे धरतात,
भाजीवाली म्हणते, काका, माझीच आहे, घ्या.
उठले. खिशातून भिंग काढलं.
लेबल आधी डाव्या स्क्रीनशेजारी धरलं, मग उजव्या.
"डावा बरोबर.
ह्याच्यात पिवळा कमी पडतो. किंचित. पण पडतो."
भामरे म्हणाला, सर, डोळ्यांना कळत पण नाही तो.
अप्पा काही बोलले नाहीत.
घोड्यापाशी वाकले. बराच वेळ.
"पाणी खोटं आहे," म्हणाले,
"पण घाईत केलेलं नाही."

आणि मग,
"यातल्या कुठल्याचा पंखा कमी ओरडतो?"

भामरे गडबडला. त्याच्या छापील कागदावर
ही ओळच नव्हती.

"दीड-दोनपर्यंत ऐकू येतो," अप्पा माझ्याकडे न बघता.
"काम करत असलीस की एका सुरात घरघरतो.
खेळत असलीस की चढावर लागल्यासारखा."

सहा वर्षं मी सकाळच्या चहाला
"काम होतं" म्हणत आले होते.
नेहरूनगरच्या भिंती मला जाड वाटायच्या.

दोन्ही मशीन दहा मिनिटं पळवली.
अप्पांनी कान लावला, डोळे मिटून.
राखाडी सातव्या मिनिटाला शिट्टी मारायला लागला.
काळा नुसता श्वास घेत राहिला.
"जाड्याचा दम मोठा आहे," ते म्हणाले.
"आणि रंग?"
"पिवळा मी सांगत जाईन. दिवे तेवढे बंद करता येतात का बघ."

द्वारकाच्या सिग्नलला खोकं पायांत,
अप्पा मागे, एका हाताने माझा खांदा धरून,
दुसऱ्या हातात चार्जरची वीट.
किती हप्ते, त्यांनी विचारलं नाही.
मीही विचारलं नाही, उजळणी टाळायची म्हणून,
की डोळे त्यांचे किती वर्षं पुरतील.

रात्री दिवे बंद केले. घोडा काढला.
पंखा आहे की नाही, कळत नव्हतं.
दीडच्या सुमाराला पलीकडून खोकला,
मग,
"झोपलीस का गं?"

"नाही अप्पा," मी म्हणाले.
"नदीत आहे."