मसाला

कुष्टामामा टॉर्चला बॅटरी म्हणतो
आणि बॅटरीला मसाला.
"मसाला बरा घाल गो बाय," एवढंच सांगून
पितळेची नळी ठेवून गेला,
होडीच्या मोडक्या पंपाची, आतून हिरवी.

चोडणच्या मानशीवर दार तोच उघडतो,
ओहोटी लागली की.
काल पावणेतीनला, आज साडेतीनला,
खाजनातलं पाणी घड्याळ बदलत जातं.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात घेतले दोन सेल,
जांभळ्या वेष्टनावर छापलेलं: नऊ हजार नऊशे.
बोटाएवढ्या डबीत एवढी वीज मावत असती
तर फेरी त्यांच्यावरच चालली असती.
पुंडलिक शेटांच्या काट्यावर ठेवले,
मंगळसूत्राच्या वाट्या जरा सारून.
अठ्ठावीस ग्रॅम.
मग माझ्या दुकानातला, मेलेल्या लॅपटॉपमधून सोललेला,
सालटं निघालेला एक.
पंचेचाळीस.
शेट काही बोलले नाहीत,
जांभळे दोन्ही बोटाने माझ्याकडे ढकलले.

लॅपटॉपमधून सहा निघाले होते.
तीन कायमचे गेलेले.
एक भरला की भरायचा, सकाळी रिकामा,
कुठे गळतो कळेना.
उरले दोन: चार पूर्णांक सोळा, चार पूर्णांक पंधरा.
आठ दिवस खिडकीत ठेवले,
दोघेही सारखेच उतरले, पायरी न चुकवता.

"दोन कशाला? आणि सारखेच कशाला?"
एकामागे एक लावायचे मामा,
एक दमाचा, एक दमेकरी असला
तर दमेकरी आधी संपतो,
दुसरा त्याला ओढत राहतो, उलटा, तापेपर्यंत.
मामा नळीत फुंकर मारत राहिला.
"आग्नेलला गुडघ्याचं होतं," म्हणाला,
"तरी दोरी सोडायचा नाही."

आग्नेल मेमध्ये गेला, लिस्बनला, मुलीकडे.
तीस वर्षं कंदील त्याच्या हातात,
दार मामाच्या.
म्हणून तर नळीला मी कडी डाखली,
गळ्यात अडकवायला,
दोन्ही हात मोकळे राहावेत.

साडेतीनला बांधावर मी पण गेले.
बटण दाबलं. कमी उजेडावर पहाट गाठतील, हिशेब केलाय.
पाण्यावर पांढरा गोल पडला,
जाळ्यात कोळंबीचे डोळे लाल, भरपूर,
फळी वर सरकली, पाणी ओरडत निघालं.

मामा खूप वेळ त्या गोलाकडेच बघत होता.
"हलत नाही गो हा," म्हणाला.
"तो कंदील धरायचा ना,
सगळं हलायचं."