अर्धी गोळी

मांडीवर सूप, सुपात ओली पानं,
हजार विड्यांचा हिशोब बोटांना पाठ.
पण बोटं रिकामी झाली की
आपली आपण डोक्याकडे निघायची,
चाचपून एक केस निवडायची,
जाडसर, जरा खरखरीत,
आणि टच्.

बावीस वर्षं.
आधी रुपयाएवढी जागा, मग वाटीएवढी.
वर पदर. सोलापूरच्या मे महिन्यातही पदर.
नणंद चारचौघींत सांगायची,
आमच्या पुष्पवल्लीला मर्यादा फार.

केसांचं सांगतानाच जीव अर्धा झाला,
पायांचं राहूनच गेलं.
डॉक्टर बिराजदारांनी चिठ्ठी लिहिली.
मेडिकलवाल्यानं गोळीचं नाव वाचलं, मला पाहिलं,
मग मागं उभ्या माझ्या पोराला विचारलं,
पेशंट कोण?

भास होणाऱ्यांची गोळी म्हणे.
मला भास नाही होत, बाबा.
मला केस होतात.

तिसऱ्या आठवड्यात
हात वर निघाला
आणि खांद्यापाशी विसरला, कशाला निघालो होतो.
टाळूवर मिसरूड फुटलं.
मी आरशासमोर, दार लावून,
एकटीच हसले.

रात्री मात्र पाय.
पूर्वी नुसते चुळबुळायचे, आता उठवायला लागले.
दुखत नाहीत. मुंग्याही नाहीत.
सासऱ्यांचा माग भंगारात गेला,
त्याचा धोटा माझ्या पोटऱ्यांत राहिला असावा:
इकडून तिकडं, तिकडून इकडं,
कापड काही निघत नाही.

विडी घरकुलात सगळ्या ओळी सारख्या.
मी चालत राहायची,
बाहेर बाजेवर झोपलेल्यांच्या उशाशेजारून,
कुत्रीही भुंकायची थांबली.
पाच दिवसांनी पाणी येतं, तेही तीन वाजता;
त्या उन्हाळ्यात आमच्या ओळीत
कुणाचीच घागर रिकामी राहिली नाही.
लक्ष्मीबाई चिलवेरी म्हणाली, अक्का, देव तुझं भलं करो.
मी तिला काय सांगणार?

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
हातांना बसवणारी गोळी
कधी कधी पायांना उठवते.
आधी का नाही बोललात?
तुम्ही विचारलंत कुठं, म्हटलं.
दोघंही जरा गप्प.
मग रक्त तपासलं. लोह कमी निघालं.
एक गोळी लोखंडाची वाढली,
पहिली अर्धी झाली.

ती अर्धी मी विडीच्या कात्रीनं करते.
सारखे तुकडे कधीच पडत नाहीत.
मोठा तुकडा ज्या रात्री, त्या रात्री हात शहाणे.
लहान पडला की पाय जरा ऐकतात
आणि पहाटे उशीवर
दोन-तीन केस, मुळासकट.
कारखान्यात असल्या विड्या
छाट म्हणून बाजूला टाकतात.
मी ते केस मोजते. टाकत नाही लगेच.

आज कुठला तुकडा हाताला लागला
बघितलं नाही.
पाणी प्यायले, दिवा घालवला.
उद्या नळाची पाळी आहे.