कान वाजेपर्यंत

पहिला घोट आई स्वतः घ्यायची.

मळ्यात दिवसभर सिंकोना सोलून
कमरेच्या कापडात खोचून आणलेली मूठभर साल
पत्र्यावर वाळून तिच्या नळ्या व्हायच्या,
दिसायला अगदी दालचिनी.
बाहिझिरेने एकदा चावून पाहिली होती.
पुन्हा दालचिनीवरही त्याने विश्वास ठेवला नाही.

माप असं नव्हतंच.
जुन्या झाडाची साल तेज, कोवळ्याची मवाळ,
पावसात भिजलेली कशी निघेल, देव जाणे.
म्हणून घोट घेऊन आई उंबऱ्यात बसायची
तळ्याकडे तोंड करून.
आत गोधडीखाली हुडहुडी भरलेलं कुणीतरी.
"वाजले का गं?"
नाही म्हणाली की लाकूड पुढे सरकवायचं.
फार वाजले तर पाणी ओतायचं.
गवतातल्या किड्याइतके, बारीक, वाजले
की नाक दाबून चमचा आत.

गावातले सगळे ताप
आधी तिच्या कानांतून गेले.
चिबालोंझाची मुलगी तेवढी उठली नाही.
काढा कमी पडला की जास्त झाला
हे आईने त्यानंतर कुणाला विचारलं नाही,
आणि चिबालोंझा आमच्या दारावरून जाताना
अजून पदराने तोंड झाकते.

मी आता खालच्या दवाखान्यात नर्स आहे.
वजन करते, तक्ता बघते,
गोळी अर्धी की पाऊण ते ठरवते.
भिंतीवर कागद आहे: घरी साल उकळू नका.
तो मीच चिकटवलाय.
आईला वाचून दाखवला, ओरडून, दोनदा.
ती म्हणाली, "हळू बोल,
आधीच इतका गोंगाट आहे."

तिला आता दुसरं काही ऐकू येत नाही.
कोंबडा नाही, पाऊस नाही, मी नाही.

परवा माझा मुलगा तापला.
तपासणी केली, गोळ्या आणल्या.
तिने पाकीट हातातून घेतलं,
एका गोळीचा कोपरा दाताने तोडला
आणि उंबऱ्यात जाऊन बसली.

थांबायचं काही कारण नव्हतं.
डोस बरोबर होता, मुलगा फणफणत होता,
तरी मी पाण्याचा पेला धरून
तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले.

बऱ्याच वेळाने तिने मान हलवली.
वाजले म्हणून.