विकतच्या माश्या

साताऱ्याच्या पहिल्या एसटीनं डबा पाचगणीत उतरला.
आत कापडी पुरचुंडी, पुरचुंडीत भुस्सा,
आणि गव्हापेक्षा बारीक, तांबूस, मुके दाणे.
अब्बांनी कानाशी धरून हलवला.
"हलवू नका, आत जीव आहेत."
"कुणाचे?"
ह्याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

कवच माशीचं. आतला जीव माशीचा नाही.
माशीची अळी लिदीत पोसते, मग स्वतःभोवती
कवच आवळून निजते, पंख फुटेपर्यंत.
तेवढ्यात मुंगीहून बारीक एक गांधीलमाशी
लिदीच्या अंधारात चालत येते,
कवचाला भोक पाडते, एक अंडं ठेवते,
आणि पुढच्या दाराकडे जाते.

गांधीलमाशी हा शब्द मी तबेल्यात उच्चारायला नको होता.
बाबूलाल नालबंद हातोडी घेऊन थेट रस्त्यावर.
"डसत नाहीत हो काका. दिसतही नाहीत."
"दिसत न्हाईत? मंग तर लईच वंगाळ."
संध्याकाळपर्यंत टेबललँडवरच्या घोडेवाल्यांत
एकच हसू रांगेनं फिरलं:
दस्तगीरला माश्या कमी पडल्या,
पोरीनं पैसे मोजून मागवल्या.

शेवंतीच्या डाव्या डोळ्याखाली
पाण्याची वाट काळी पडली होती.
ती मान झटकायची, माश्या उठायच्या,
तिथंच बसायच्या.
गिऱ्हाइकाचं पोर म्हणायचं, "मम्मी, घोडा रडतोय."
अब्बा म्हणायचे, "वारं लागलंय, बेटा."
वारं नसलेल्या दिवशीसुद्धा.

फवारा मारायचा नाही, ही खरी अट.
औषधाला विकतची माशी आणि फुकटची माशी
सारखीच.
पिवळा पंप खुंटीवर गेला
आणि अब्बा त्याच्याकडे
विडी सोडलेल्या माणसासारखे बघू लागले.
पहिला आठवडा, माश्या तेवढ्याच.
दुसरा, वाटलं जास्तच.
एकदा रात्री पंपाचा आवाज आला म्हणून मी उठले.
रिकामाच हलवत होते. सवयीनं.

चौथ्या आठवड्यात उकिरड्याच्या कडेला बसून
भिंगाखाली वीस कवचं मोजली.
माशी बाहेर पडते तेव्हा टोपण उडवून जाते,
ही जाते तेव्हा मागे टाचणीएवढं गोल भोक.
तिघांची टोपणं उडालेली.
सतरा भोकं.

"बघू," अब्बा म्हणाले. चष्मा नव्हता.
त्यांच्या अंगठ्याच्या नखावर
एक काळा ठिपका चालत होता.
"हिला स्वतःचं घर असतं का?"
"नाही. दुसऱ्याच्याच घरात."
ते नखाकडे बघत राहिले. ह्या तबेल्याचं भाडं
येत्या पाच तारखेला द्यायचंय.
"आपल्यातलीच आहे म्हणजे," म्हणाले,
आणि अंगठा हळूच लिदीवर टेकवला.

आता ते फावडं जरा जपून घालतात.
नालबंद अजून दारातूनच विचारतो,
"आवरली का तुमची जनावरं?"

शेवंतीच्या डोळ्यावर आज दोन माश्या आहेत.
दोन.
मोजता येतात.