हंस पडला तर

सतरावा प्रश्न मी मोठ्याने वाचत नाही.
कार्ड पुढे सरकवते, वर एक युरोचं नाणं ठेवते:
एका अंगाला उडणारे दोन हंस, दुसऱ्या अंगाला आकडा.
"हंस पडला तर काही का असेना, 'हो' म्हणा.
आकडा पडला तर खरं ते सांगा.
मी बघणार नाही."
आणि खरंच मी खिडकीबाहेर बघते.
हिर्विसाल्मीत प्रत्येक खिडकीबाहेर तेच:
सरोवर, आणि दोन्ही काठ जवळ येतात
ती चिंचोळी जागा,
जिच्यावरून गावाला नाव पडलं.

तायस्तो केट्टुनेन त्या दिवशी टेबलावर
वर्तमानपत्र पसरून मासे साफ करत बसला होता.
वय एकसष्ट. धंदा लाकूडतोडीचा.
दोन वर्षांपूर्वी कुओपिओच्या इस्पितळात
हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवलेला.
रोज दोन गोळ्या, रक्त पातळ राहावं म्हणून.
हे सगळं पहिल्याच पानावर होतं,
त्यात लपवण्याजोगं काही नव्हतं.

अकराव्या प्रश्नाला सुरी निसटली.
अंगठा उभा चिरला. मी फडकं शोधायला उठले.
"बस गं खाली," म्हणाला, अंगठा तोंडात धरून,
आणि माझी कॉफी निवायच्या आत काढून दाखवला:
"बघ. थांबलं. आमच्या घराण्याचं रक्तच गुणी."
मी हसले.
बारावा प्रश्न विचारला.

सतराव्याला त्याने नाणं उडवलं, पंजाखाली झाकलं.
कार्डावर लिहिलं होतं:
गेल्या वर्षभरात, कोणालाही न सांगता,
तुम्ही एखादं औषध बंद केलं आहे का?
बाहेर कोणीतरी होडी ओढत होतं.
"हो," तायस्तो म्हणाला.
मी 'हो'वर खूण केली.

आमचं गणित असं, की हजार उत्तरं जमली
की त्यातली नाण्याची किती, ती वजा करता येतात.
परगण्याचा आकडा चोख निघतो.
माणूस निघत नाही. निघू नये
म्हणून तर नाणं.
त्याच हमीवर लोक मला घरात घेतात,
बूट दाराशी काढ म्हणतात, कॉफी ओततात.

तीन वर्षांनी दुसरी फेरी. मार्च.
सरोवर गोठलेलं, फक्त चिंचोळ्या जागी
खालून ओढ असते म्हणून बर्फ कच्चा;
तिथे फांद्या रोवून ठेवतात, कोणी पाय टाकू नये म्हणून.
दार इर्याने उघडलं.
"सप्टेंबरात गेला. लाकडं फोडताना.
कुऱ्हाड ओंडक्यातच राहिली होती."

मग तिने त्याची गळाची पेटी आणली.
खोट्या माशांच्या खणांत, शिशाच्या गोळ्यांशेजारी,
गुलाबी गोळ्या, पांढऱ्या गोळ्या.
"सॉनात अंगावर निळे डाग दिसायचे.
दोस्त विचारायचे, बायको मारते का रे?
मग डाग गेले.
मला वाटलं, बरा होतोय."

डॉक्टरांनी तिला समजावलं होतं:
आत कुठेतरी बारीकशी चीर पडली,
आणि रक्त धावलं, नेहमीसारखं, बुजवायला.
अंगठ्याला जे केलं तेच केलं त्याने.
रस्ता किती उरलाय, हे रक्ताला कोण सांगणार?

अंगठा. मी कपाकडे बघत राहिले.
अकरा आणि बाराच्या मध्ये
त्याने उत्तर दिलं होतं, नाणं न उडवता,
आणि माझ्या कागदावर
त्यासाठी रकाना नव्हता.

"त्या दिवशी हंस पडला होता का?" इर्याने विचारलं.
"मी बघितलं नाही."
"हं," ती म्हणाली. रागाने नाही.

नियमाप्रमाणे आता यादीत तिचं नाव.
सोळा प्रश्न झाले. मी कार्ड सरकवलं,
नाणं ठेवलं, खिडकीकडे मान वळवली.
नाणं उडाल्याचा आवाज आला नाही.
बराच वेळ आला नाही.
वळून बघितलं तर
तिने ते टेबलावर नीट मांडलं होतं,
आकडा वर,
आणि माझ्या डोळ्यांत बघत
"हो," म्हणाली.